नुसतं बघणारा सिनेमा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त हॉलमध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट दाखवण्यात आला. त्यानंतर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सिनेमा संपलाय, गच्चीवरून भरिताचा वास यायला लागलाय, आणि अशा वेळी माइक एका रिटायर्ड बँकवाल्याच्या हातात आलाय. लोकांना ताटकळत ठेवायची याला जुनी सवय आहे, असं कोणी म्हणायच्या आत सुरू करतो.

कार्यक्रमाची आखणी चालली होती तेव्हा मी हा माहितीपट सुचवला. बैठकीत एक सभासद म्हणाले, “नाना, रौप्यमहोत्सवाला मालेगाव कशाला? एखादं नाटक ठेवा, ऑर्केस्ट्रा ठेवा.” त्यांचं बोलणं मला लागलं नाही, कारण ते जे म्हणाले तेच आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात होतं. मालेगाव म्हटलं की आपल्याला २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात, कर्फ्यू आठवतो. जळगावहून नाशिकला जाताना मालेगाव आलं की गाडीतली माणसं काचा वर करतात, हे मी पाहिलेलं आहे. धुळ्यापासून ते पन्नासेक किलोमीटर. म्हणजे आपलं शेजारचंच गाव, आणि आपल्याला त्याची माहिती कशातून, तर पेपरच्या पहिल्या पानातून. धुळ्याचं नाव तरी पहिल्या पानावर कशामुळे येतं, ते धुळेकरांना विचारा. मी धुळेकर आहे, म्हणून बोलतो.

आता तुम्ही पाहिलंत ते गाव त्या पहिल्या पानावर नव्हतं.

ज्यांना यायला उशीर झाला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फैझा अहमद खान या दिग्दर्शिकेनं हा माहितीपट २००८ साली पुरा केला. थिएटरांत तो लागला २०१२ मध्ये. मालेगावात नासिर शेख नावाचा एक गृहस्थ आहे. आधी व्हिडिओ पार्लर चालवायचा. लग्नाचं शूटिंग करतात तसल्या कॅमेऱ्यावर त्यानं ‘मालेगाव के शोले’ काढला, पन्नास हजारांच्या आसपास खर्चात. गावात तो धो धो चालला. मग त्यानं ठरवलं, सुपरमॅन काढू. तो सुपरमॅन कसा काढला, हे बघणारा हा सिनेमा. सिनेमावरचा सिनेमा म्हणा ना.

यावर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ नावाचा हिंदी चित्रपटही आला, रीमा कागती यांचा. नातवंडांनी तो पाहिलेला आहे. एका नातवानं मला विचारलंसुद्धा, “आबा, तोच बघू ना, त्यात ओळखीचे हिरो आहेत.” चित्रपट चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात नासिर म्हणजे आदर्श गौरव आहे. आज आपण पाहिला तो खुद्द नासिर. नट रडतो तेव्हा त्याला रडायचे पैसे मिळतात. इथे कोणाला काही मिळालेलं नाही, आणि कोणी मुद्दाम रडलेलंही नाही.

मी हा माहितीपट आज चौथ्यांदा पाहिला. त्यामुळे पडद्याकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघत होतो. सुरुवातीला तुम्ही त्यांना हसत होतात. सुपरमॅनच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय, पायात चपला आहेत, अंग तर असं किडकिडीत की वाऱ्यानं उडेल, वेगळी शक्ती कशाला पाहिजे! हशा पिकला. कॅमेरा हलवायला ट्रॉली नाही, तर सायकलवर बसवलाय. क्रेन नाही, तर बैलगाडी. पुन्हा हशा. मग तळ्यावर शूटिंग चालू असताना कॅमेराच पाण्यात पडला आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली. मागून कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. तेव्हापासून तुम्ही त्यांना हसत नव्हता, त्यांच्याबरोबर हसत होता. ही जागा दर वेळी येते. मी आता तिची वाट बघत बसतो.

बरं, हे घडतं कसं? दिग्दर्शिकेनं तर तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. मालेगाव वाईट नाही, इथली माणसं कष्टाळू आहेत, असं कोणी भारदस्त आवाजात बोललेलं नाही. आमच्या पिढीला माहितीपट म्हणजे फिल्म्स डिव्हिजन. १९४८ मध्ये ही संस्था निघाली आणि थिएटरात मुख्य चित्रपटाआधी तिची रिळं दाखवणं सक्तीचं होतं. धरण दिसायचं, शेत दिसायचं, यंत्रं दिसायची आणि वरून एक घनगंभीर आवाज आपल्याला देश समजावून सांगायचा. आम्ही तेवढ्या वेळात बाहेर चहा घ्यायचो. त्यातही चांगलं काम झालंय, नाही असं नाही. पण त्या रिळांतल्या कामगाराला स्वतःचा आवाज फार क्वचित असायचा. तो हातोडा मारायचा आणि बोलायचं दुसरंच कोणीतरी.

पुढे १९६० च्या सुमाराला हलके कॅमेरे आले, आवाज जागेवरच टिपणारी यंत्रं आली आणि काही लोकांनी ठरवलं की आपण बोलायचंच नाही. नुसतं बघायचं. अमेरिकेचे फ्रेडरिक वाइजमन हे यातलं मोठं नाव. ‘बेलफास्ट, मेन’ नावाचा त्यांचा १९९९ चा चित्रपट आहे. समुद्रकाठचं एक छोटं गाव, त्याचे रोजचे व्यवहार, बस्स. चार तासांचा! त्यात माशांचे डबे भरायच्या कारखान्याचा एक लांबलचक भाग आहे. बायका मासे कापताहेत, डब्यात बसवताहेत, पट्टा सरकतोय. मुलानं मला तो मिळवून दिला. सौभाग्यवती पाऊण तासानं उठून गेल्या, मी दोन बैठकांत पुरा केला. त्याची शिफारस मी कोणाला करणार नाही, पण डब्यातला मासा कुठून येतो ते मला आता जन्मात विसरता येणार नाही.

असो. आपण मालेगावला परत येऊ.

मालेगाव हे मागांचं गाव. १८५७ नंतर उत्तरेतले विणकर आग्रा रोडनं खाली उतरले आणि तिथे वसले. आधी हातमाग, मग यंत्रमाग. आज लाखाच्या वर यंत्रमाग आहेत असं धरून चाला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी साचे तिथे येऊन पुन्हा उभे राहिले आणि वर्षानुवर्षं चालले. निघणारं कोरं कापड रंगाई-छपाईला राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जातं. एक माणूस चार साचे सांभाळतो, कुठे सहा, कुठे आठ. बारा तासांची पाळी. मजुरी मीटरवर. मीटरवर याचा अर्थ नीट लक्षात घ्या. धागा तुटला, मजुरी थांबली. बीम संपलं, मजुरी थांबली. लाइट गेली, मजुरी थांबली. आणि हा सिनेमा ज्या काळातला आहे तो भारनियमनाचा काळ. तेव्हा आपण गच्चीवर सतरंज्या टाकून झोपायचो आणि एमएसईबीला शिव्या घालायचो. तिकडे दिवे गेले की चूल थंड व्हायची.

सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी सगळा गाव सिनेमाला. आता मला सांगा, सहा दिवस बारा-बारा तास त्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला सिनेमा म्हणजे काय वाटत असेल? नासिर शेखनं ते ओळखलं होतं. त्याचा सुपरमॅन अमेरिकेच्या शत्रूंशी लढत नाही. तो लढतो तंबाखूशी, घाणीशी. खलनायक गलिच्छपणावर खूश असलेला. म्हणजे गावातलीच रोजची दुखणी. मालेगावचा माणूस पडद्यावर आपलं गाव बघतो, आपल्या बोलीत बघतो, आणि हसतो.

सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावरचाच कामगार. मागावर उभं राहायचं आणि मधल्या वेळात उडायचं. शूटिंग चालू असताना त्याचं लग्नही झालं. २०११ मध्ये तो कॅन्सरनं गेला. माहितीपट तयार झाल्यानंतर तीन वर्षांनी, थिएटरांत लागण्याच्या आधी. आज तुम्ही त्याला पाहिलंत तेव्हा हे तुम्हाला माहीत नव्हतं. मुद्दामच मी आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्या नाडीला हसला नसतात, आणि तो काही दया दाखवून घ्यायला कॅमेऱ्यासमोर आलेला नव्हता.

मी बँकेत होतो तेव्हा धुळ्याहून मालेगावला यंत्रमागांच्या तपासणीला जायचो. कर्ज दिलेलं असायचं, त्यामुळे माल आणि यंत्रं जागेवर आहेत की नाहीत ते बघणं हे काम. छापील फॉर्म होता. साचे किती, चालू किती, बंद किती, सुताचा साठा, बीम, तयार कापडाचे तागे, विमा कधीपर्यंत. ते रकाने गरजेचे होते. पैसा ठेवीदारांचा होता. पण फॉर्मात नसलेल्या गोष्टी डोळ्यांना दिसायच्याच की. कामगारांच्या पापण्यांवर कापसाची लव बसलेली असायची. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. विशीतला पोरगाही म्हातारा दिसायचा. आणि बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. कारखान्यात आवाज इतका की ओरडून उपयोग नाही. दोन बोटं वर केली की एक अर्थ, तळहात आडवा केला की दुसरा. मला त्यातलं बरंच समजायचं. मालकाला त्याचं आश्चर्य वाटायचं.

मला समजायचं कारण माझे वडील.

वडील धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये विणाई खात्यात होते. अमळनेरच्या प्रतापशेठजींचं नाव लागलेली ती मिल. तो भाग अजून मिल परिसर म्हणूनच ओळखला जातो. आमच्या घरी घड्याळ उशिरा आलं, भोंगा आधीपासून होता. आई भोंग्यावर भाकरी टाकायची. वडील आयुष्यभर मागांमध्ये उभे राहिले आणि पन्नाशीत त्यांना कमी ऐकू यायला लागलं. घरीसुद्धा ते हातवारे करायचे. पाणी पाहिजे असलं की अंगठा ओठांकडे, दार लावून घ्या म्हणायचं असलं की दोन तळवे जवळ. आम्ही भावंडं ती भाषा बोलायच्या आधी शिकलो. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, घरात कोणी मुकं आहे का.

त्यांचे दोन फोटो माझ्याकडे आहेत. एक लग्नातला, फेटा बांधलेला, चेहऱ्यावर घाबरल्यासारखा भाव. दुसरा निवृत्तीनंतर स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला बगीचा. या दोन फोटोंच्या मध्ये तीस वर्षांची नोकरी आहे आणि त्या नोकरीचा एकही फोटो नाही. मागासमोर उभे असलेले, पाळी संपवून फाटकातून बाहेर येणारे, डबा खाणारे, मित्राला हातवाऱ्यानं काही सांगणारे वडील कुठेच नाहीत. माझ्या मुलानं त्यांना पाहिलेलंच नाही. त्याला मी हातवारे करून दाखवतो, पण मी काही मागावर उभा राहिलेलो नाही. माझे हात बँकेचे आहेत. हे सगळं तुमच्यासमोर बोलायचं माझ्या टिपणात नव्हतं, पण बोललो.

म्हणून मालेगावच्या सिनेमात मागांचा आवाज आला की मला शफीकच्या मागे दुसरंच कोणी दिसायला लागतं.

गंमत बघा, जगातल्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी एक काय आहे? कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार. फ्रान्समध्ये लुमिए बंधूंनी १८९५ मध्ये आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा लावला. एक मिनिटसुद्धा नाही पुरं. फाटक उघडतं, बायका बाहेर येतात, पुरुष येतात, कोणी सायकलवर, एक कुत्रा मध्येच येतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात आपल्या देशातला पहिला खेळ झाला, त्यातही हे चित्र होतं. म्हणजे सिनेमा जन्मला तो कारखान्याच्या फाटकावर. आणि आमच्या मिलच्या फाटकावर तो पुढच्या साठ-सत्तर वर्षांत एकदाही पोचला नाही!

आता एक अवघड गोष्ट सांगतो, कारण सगळं गोडगोड सांगणं बरोबर नाही. नुसतं बघण्यालाही एक बाजू आहे. राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ नावाचा माहितीपट आहे, २०१६ चा. सुरतेजवळच्या एका अवाढव्य कापड गिरणीत घेतलेला. आपल्या किती घरांतली माणसं सुरतेला आहेत ते मी सांगायला नको. उधना, लिंबायत म्हणजे खान्देशच. भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये अहिराणीशिवाय दुसरी भाषा ऐकू येत नाही. तर त्या चित्रपटात निवेदन नाही, संगीत नाही, यंत्रं आणि माणसं. छायाचित्रण फार सुंदर. २०१७ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याचं बक्षीसही मिळालं. वाफ, रंग, ओली कापडं, पेंगणारी मुलं. त्यातला मालक म्हणतो की मजुराचं पोट भरलं की त्याचं कामातलं लक्ष उडतं. दिग्दर्शक त्याला उलट काही बोलत नाही. नुसता बघतो. आपण खुर्चीत चुळबुळ करतो.

आणि मग एका जागी कामगार दिग्दर्शकाभोवती गोळा होतात आणि त्यालाच विचारतात. सार असं, की तुम्ही येता, आमचे हाल विचारता, आणि निघून जाता. नेतेही असेच येऊन जातात. तुम्ही सांगा काय करायचं, आम्ही करतो. दिग्दर्शकाकडे उत्तर नाही. पण त्यानं तो प्रश्न कापून टाकला नाही, चित्रपटात ठेवला. याचं मला कौतुक वाटतं. बँकेचा साहेबही येतो, बघतो, सही घेतो, जातो. पुढारीही तेच. बघणाऱ्याचं देणं काय लागतं, हा प्रश्न त्या गिरणीतल्या माणसांनी विचारला आणि त्याचं उत्तर मलाही पाठ नाही.

मालेगावचा सिनेमा मला जास्त जवळचा वाटतो तो याच्यामुळे. तिथे बघितली जाणारी माणसं स्वतःच बघणारी आहेत. त्यांच्याही हातात कॅमेरा आहे. नासिर त्या बाईंसमोर बिचारा होऊन बसत नाही. तो आपल्या कामात आहे, हिरवा पडदा कसा बांधायचा या चिंतेत आहे. लेखक फरोग जाफरी मुंबईला जाऊन सिनेमा लिहायची आस धरून आहेत आणि ती आस बोलून दाखवताना त्यांचा चेहरा कसा होतो ते तुम्ही पाहिलंत. अक्रम खान खलनायकही होतो आणि संगणकावर सुपरमॅनला उडवतोही. एका गोष्टीवर मात्र बोट ठेवायला पाहिजे. या सगळ्या पसाऱ्यात गावातली बाई कुठे आहे? नायिका बाहेरून आणावी लागते. माहितीपट यावर भाषण करत नाही, पण लपवतही नाही. आपल्या वहिनींच्या ते लक्षात आलेलं होतं, मध्यंतरात दोघींनी मला विचारलं.

आता इतकं सगळं मालेगावचं बोललो. कोणी म्हणेल, नाना, आपण कुठे औद्योगिक गाव आहोत? आपलं जळगाव म्हणजे सोनं आणि केळी. हो, पाहुण्यांना आपण तेच सांगतो. पण अजिंठा रोडला एमआयडीसीत जा. डाळ मिल आहेत, पाइपचे कारखाने आहेत, चटईचे कारखाने आहेत. देशभर लग्नाच्या मांडवात, देवळात, घराघरांत जी रंगीत प्लास्टिकची चटई अंथरतात ती आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर बनते. प्लास्टिकचे दाणे वितळवून पोकळ काडी ओढतात आणि ती काडी मागावर विणतात. मागावर! मालेगावला सूत आहे, इथे प्लास्टिक आहे, खडखडाट तोच. आपल्या सोसायटीतले चार सभासद त्या कारखान्यांत आहेत. एकजण गेली अठरा वर्षं रात्रपाळी करतात. आपण सकाळी फिरायला निघतो तेव्हा ते जिना चढत असतात. त्यांना आपण “गुड मॉर्निंग” म्हणतो, त्यांची तर ती रात्र असते. ते कामावर कसे दिसतात हे त्यांच्या मुलांना माहीत आहे का? मी विचारलं. मुलगी म्हणाली, “पप्पा कंपनीत आहेत.” बस, एवढंच.

आणि कॅमेरे तर आपल्याकडे आहेतच. पार्किंगमधून पेट्रोल चोरीला जायला लागलं तेव्हा आपण आठ बसवले. चोवीस तास बघतात. पंधरा दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जातं. गेल्या सहा वर्षांत या गेटातून कोण गेलं, कोण आलं, कोणाची सून प्रथम आली, कोणाची अंत्ययात्रा निघाली, सगळं त्या डबड्यात गेलं आणि पुसलं गेलं. पेट्रोलचोर सापडला नाही तो नाहीच. कॅमेरा असणं वेगळं आणि बघणारं माणूस असणं वेगळं, हे समजायला मला आपली सोसायटी पुरली.

पंचवीस वर्षांपूर्वी प्लॉटवर पहिली कुदळ मारली तेव्हाचे फोटो या स्मरणिकेत आहेत. त्यात कोण दिसतं? आपण दिसतो, नारळ हातात घेतलेले. पाया खणणारी माणसं फोटोच्या कडेला अर्धी कापलेली आहेत. त्या काळात रिळात छत्तीस फोटो असायचे, प्रत्येक फोटोचे पैसे पडायचे, त्यामुळे तेव्हाच्या फोटोवाल्याला मी दोष देत नाही. आता तर तुमच्या खिशात फोन आहे आणि फोटोला पैसे पडत नाहीत.

म्हणून तरुण मंडळींना एक काम सांगितलेलं आहे आणि समितीनं त्याला मंजुरी दिली आहे, हे जाहीर करतो. येत्या हिवाळ्यात एक साधा दिवस ठरवायचा. सण नाही, लग्न नाही, सभा नाही. पहाटे दूधवाला येण्यापासून रात्री वॉचमन बदलेपर्यंत आपल्या सोसायटीचा दिवस टिपायचा. एमआयडीसीतले एक कारखानदार आपल्या ओळखीचे आहेत, त्यांनी रात्रपाळीत दोन तास आत येऊ द्यायचं कबूल केलंय. निवेदन घालायचं नाही. मागे गाणं लावायचं नाही, हे मी दोनदा सांगितलंय, कारण पोरांनी लगेच गाणं निवडायला घेतलं होतं. ज्याचं चित्रण केलं त्याला आधी दाखवायचं, तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर काढून टाकायचं. आणि तयार झालेली प्रत सोसायटीच्या कपाटात शेअर रजिस्टरशेजारी ठेवायची. रजिस्टरमध्ये आपलं नाव आणि शेअरचा नंबर आहे. आपण चालतो कसे, हाक कशी मारतो, ते त्यात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या घालतात, ते हिवाळ्यात कसं टिपणार, असा रास्त प्रश्न आलाय. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा एक दिवस काढू. त्यांचं वय पंच्याऐंशी आहे, म्हणून तो दिवस येत्या उन्हाळ्यातलाच असेल.

अडचण एकच निघाली आहे. जिने झाडणाऱ्या मावशी. बावीस वर्षं त्या येताहेत, म्हणजे आपल्यातल्या निम्म्या सभासदांपेक्षा जुन्या. सुरुवात त्यांच्यापासून करायची असं पोरांनी ठरवलं, म्हणून मी विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, “काका, झाडू मारतानाचं काय घेता? लग्नात घ्या.” मी समजावून सांगितलं. थोडा विचार करून म्हणाल्या, “बरं, पण आदल्या दिवशी सांगा. नवी साडी नेसून येते.” मी म्हटलं, “नाही हो मावशी, रोजचीच नेसा, रोजच्यासारखंच यायचंय.” तर म्हणाल्या, “रोजच्या साडीत कोणी फोटो काढतं का?”

मला लुमिएंच्या फाटकातल्या त्या बायका आठवल्या. लांब झगे, डोक्यावर टोप्या, कारखान्यातून निघाल्यात की समारंभाला, कळत नाही. त्यांनाही कोणीतरी आदल्या दिवशी सांगितलं असणार.

मावशींनी नवी साडीच धरून ठेवली आहे. पोरं म्हणतात जुनी पाहिजे. मी मध्ये पडलो नाही. साडी त्यांची आहे, बोलणी अजून चालू आहेत.